डाव्या कोपऱ्यातली चार भोकं

आमच्या शेजारचे मिस्त्री डावखुरे. सगळे त्यांना डावे मिस्त्री म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. पत्ता शोधत आलेल्या माणसाला ते स्वतःच सांगत, "डावे मिस्त्री ना? मीच. उजवे कोणी नाहीत इथे, शोधत बसू नका."

त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा मिळून सुतारकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड, एका भिंतीला फळ्यांची चळत, खिडकीखाली कामाची दोन बाकं आणि मधोमध मिस्त्रींचं स्पिंडल मशीन. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिडाचं जाड, सपाट टेबल असतं. त्याच्या मध्यातून एक उभा दांडा वर आलेला असतो आणि त्यावर पोलादी कटर गरगर फिरतो. टेबलावर सरळ आधाराची पट्टी बसवलेली असते, तिला गाईड म्हणतात. लाकूड गाईडला टेकवून पुढे सरकवत नेलं की त्याची कडा गोलसर, खाचेची, नक्षीची, हवी तशी होऊन बाहेर पडते. सगळीकडे हे लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवतात. मिस्त्री डावीकडून उजवीकडे सरकवत.

तरुणपणी त्यांनी हे मशीन जुन्यात घेतलं, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की आपला जोराचा हात आणि लाकूड शिरण्याची बाजू यांचं काही जमत नाही. दुसरा कोणी असता तर त्यानं हाताला सवय लावून घेतली असती. मिस्त्रींनी मशीनला सवय लावली. मोटारीच्या तारा बदलून ती उलटी फिरवली, कटर पालथे करून बसवले, गाईड फिरवलं, आणि कमानींचे, चौकटींचे सगळे फर्मे, म्हणजे आकार काढायचे लाकडी साचे, आपल्या बाजूनं नव्यानं बनवले. भिंतीवर खुंट्यांना टांगलेले ते फर्मे पाहून एकदा एक मशीनचा व्यापारी म्हणाला होता, "मिस्त्री, तुमचा कारखाना आरशात बघितल्यासारखा वाटतो हो."

"मग आरसा जरा पुसून घ्या," मिस्त्री म्हणाले. "काम स्वच्छ दिसेल."

काम खरंच स्वच्छ असे. धाकटा जोडणी बघे, पॉलिश बघे आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक बघे. त्याचं बोलणं असं गोड की तक्रार घेऊन आलेलं माणूस जाताना एक स्टूल विकत घेऊन जाई. मशीनजवळ मात्र तो फारसा येत नसे. "तिथे दादाचं राज्य," म्हणायचा. त्यात कौतुक होतं, आणि थोडी कुरकुरही असावी. ती तेव्हा कोणाला ऐकू आली नाही.

मग मिस्त्रींचा डावा खांदा गेला. इतकी वर्षं दिवसभर लाकूड रेटायचं, तेही कटरच्या तोंडापाशी, म्हणजे खांदा बोलणारच. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधायला लावला आणि दोनेक महिने मशीनवर कापड पडलं. धाकट्यानं दुसरा कारागीर आणून पाहिला. त्या माणसानं लाकडाची एक पट्टी घातली, दुसरी घालता घालता थांबला आणि म्हणाला, "माफ करा, मला माझी बोटं मोजून घरी न्यायची आहेत." तो निघून गेला. कामं बाहेर जायला लागली. धाकटा राहायला वेगळा, पण जेवायला दादाकडे येई; जेवताना तो एवढंच म्हणाला, "दादा, तू आजारी पडलास की कारखाना आजारी पडतो."

मिस्त्रींनी ते प्रेमानं म्हटलेलं धरलं.

हात गळ्यात असतानाच त्यांनी फीडर पाहिला. गावाबाहेरच्या मोठ्या फर्निचर कारखान्यात त्यांच्या ओळखीचा एक फिटर होता. अंगानं चांगला भरलेला, म्हणून सगळे त्याला जाड्या फिटर म्हणत. त्यानं दाखवला. मशीनच्या टेबलावर कोपऱ्यात एक लोखंडी बैठक, तिच्यावर उभा खांब, खांबातून आडवा आलेला दांडा आणि दांड्याच्या टोकाला मोटार लावलेली एक पेटी. पेटीच्या पोटाला रबरी चाकं. चाकं फिरतात, लाकडाला वरून दाबून धरतात आणि आपसूक पुढे नेतात. माणसानं फक्त पट्टीचं टोक चाकाखाली द्यायचं. हात कटरच्या जवळही जात नाही आणि खांद्याला काही कामच उरत नाही.

"जाड्या, हे उलट दिशेनं चालतं का रे?" मिस्त्रींनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"स्विच फिरवा, चालतं. बैठक कुठल्या कोपऱ्यात बसवायची तेवढं मात्र आधी ठरवा. बिडात एकदा भोकं पाडली की पाडली."

त्यानंतर मिस्त्री बऱ्याच दुपारी तिथे जाऊन बसले. फीडर कसा उतरवतात, कसा चढवतात, बैठकीखालचा कण न् कण का पुसायचा, भोकं पाडून त्यांत आटे कसे पाडायचे, सगळं शिकून आले. वयाच्या मानानं इतकं हरखलेलं माणूस मी क्वचितच पाहिलं आहे. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते माझ्यासारख्या शाळामास्तरालाही समजावत. चाकं लाकडाच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवायची, म्हणजे रबर दबतं आणि पकड येते. जास्त खाली घेतली तर मोटार कण्हते. कटरच्या दोन्ही बाजूंना चाक हवं, म्हणजे लाकूड शिरतानाही धरलेलं असतं आणि सुटतानाही. आणि अख्खी पेटी गाईडला समांतर ठेवायची नाही, किंचित तिरकी ठेवायची.

घरी तर विषयच तो. आणि ऐकायला धाकटा. आयुष्यात ज्यानं मशीनकडे ढुंकून पाहिलं नाही, तो ताट बाजूला सारून प्रश्न विचारू लागला. एकदा म्हणाला, "दादा, समज आपल्यासारखं नाही, साधं मशीन आहे. उजवीकडून डावीकडे जाणारं. तर मग बैठक कुठे येईल?"

"डाव्या मागच्या कोपऱ्यात. लाकूड बाहेर पडतं त्या बाजूला. शिरतं तिथे खांब नको, लांब पट्टी घालताना आडवा येतो."

"आणि तो तिरकेपणा?"

"तोही त्या बाजूनं. बाहेर पडायच्या बाजूचं चाक गाईडकडे जरासं झुकलेलं. काडेपेटीतल्या काडीच्या जाडीइतकंच. त्याहून जास्त केलंस तर लाकूड गाईडवर घासतं. कमी केलंस तर गाईड सोडून भटकतं."

"आपल्याला काय करायचंय म्हणा," धाकटा म्हणाला.

"असू दे. माहीत असलेलं बरं," असं म्हणून मिस्त्रींनी जमिनीवर खडूनं दोन्ही तऱ्हांची चित्रं काढून दाखवली. एक आपल्या मशीनचं, एक साध्या मशीनचं. साध्या मशीनचं तर जास्त नीट काढलं, कारण ते त्याला अनोळखी होतं.

वहिनी, म्हणजे मिस्त्रींची बायको, भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "भाऊजींना एवढी गोडी कधीपासून लागली?"

"चांगलंच आहे की," मिस्त्री म्हणाले. "माझ्या मागे कोणीतरी हवं ना बघणारं."

फीडर आला. लाकडी खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला. चौघांनी उचलून आत घेतला. मिस्त्रींचा खांदा आता बरा होता. त्यांनी टेबल घासूनपुसून लख्ख केलं, बैठक उजव्या मागच्या कोपऱ्यात ठेवून पाहिली, गाईड पुढेमागे सरकवून तिला लागत नाही याची खात्री केली, आणि तिच्या चार भोकांतून टोचणीनं टेबलावर खुणा करून ठेवल्या. भोकं पाडायला जाड्या फिटर पुढच्या आठवड्यात येणार होता.

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ही मधली. मिस्त्रींहून लहान, धाकट्याहून मोठी. बसनं अर्धा दिवस लागेल अशा गावी राहणारी. खिडकी बंद होत नाही म्हणाली, दादा, तूच येऊन बघ, इथल्या सुतारावर माझा भरवसा नाही.

वहिनी म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला इतक्या वर्षांत तुमची आठवण आली नाही. आता एकदम खिडकीला आली?"

"अगं, बहीण आहे. आठवण यायला खिडकी तरी लागली, कोणाला तेवढीही लागत नाही."

"जाऊन ये दादा," धाकटा म्हणाला. "फीडर कुठे पळून जात नाही. तू आल्यावरच बसवू."

हे वाक्य मिस्त्रींनी मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं. आल्यावरच बसवू.

खिडकी फुगली होती, एवढंच. रंध्याचे चार हात मारले आणि ती बसली. पण बहिणीनं लगेच एक डुगडुगणारं टेबल काढलं. ते झालं तर पलंगाची पाटी. मग म्हणाली, आलाच आहेस तर आणखी राहा, घाई काय आहे. सकाळी ती त्यांच्यासमोर बसून लहानपणीच्या गोष्टी काढी. डाव्या हातानं जेवतो म्हणून शेजारचे चिडवत, तेव्हा ती मुद्दाम स्वतःही डाव्या हातानं जेवायला बसे आणि सगळं अंगावर सांडे, हे तिला आठवत होतं आणि त्यांना नव्हतं. दोघं हसून हसून बेजार झाले. निघायच्या आदल्या दिवशी तिनं कपाटाचं एक दार दाखवलं, कुरकुरणारं. मिस्त्रींनी बिजागऱ्या काढून नव्या खाचा घेऊन ते असं बसवलं की बोटानं ढकललं तरी आवाज न करता मिटावं. बसमध्ये बसताना त्यांना वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं येत नव्हतो.

परतले ते थेट कारखान्यात गेले. पिशवी हातात तशीच.

फीडर बसलेला होता. डाव्या मागच्या कोपऱ्यात. खांब बरोबर त्या जागी उभा होता जिथून मिस्त्री लाकूड आत घालत. मशीनसमोर, उजव्या बाजूला, एक अनोळखी कारागीर उभा होता. पट्टीचं टोक चाकाखाली देत होता आणि पट्टी सुळसुळत डावीकडे निघून जात होती. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या होत्या. मिस्त्रींचे फर्मे कोपऱ्यात, सुतळीनं बांधून, एकावर एक नीट रचून ठेवले होते.

"दादा, आलास? प्रवास कसा झाला?"

मिस्त्री टेबलाकडे बघत म्हणाले, "भोकं डाव्या कोपऱ्यात पाडलीत."

"हो."

"खुणा उजव्या कोपऱ्यात होत्या."

"हो दादा. तू आधी बस. मी सांगतो."

मिस्त्री बसले नाहीत. त्यांनी त्या कारागिराला मशीन बंद करायला सांगितलं, आणि काडेपेटी मागितली.

त्यांनी मला सांगितलं, त्या क्षणी त्यांना एकच गोष्ट हवी होती. चूक. कुठेतरी एक चूक सापडावी. भोक वाकडं असावं, आटे अर्धे असावेत, बैठकीखाली भुसा अडकलेला असावा, म्हणजे ओरडता येईल. त्यांनी बैठकीभोवती बोट फिरवलं. एक कण नव्हता. चाकांची उंची पाहिली, बरोबर होती. पेटीच्या दोन्ही टोकांचं गाईडपासूनचं अंतर मोजपट्टीनं मोजलं आणि फरकाला काडी लावून पाहिली. काडीइतकाच होता. जमिनीवर खडूनं काढलेलं दुसरं चित्रच कोणीतरी उचलून मशीनवर ठेवलं होतं.

"जाड्यानं बसवलं?"

"नाही. जाड्याला कळवलंच नाही. मी बसवलं. तू शिकवलंस तसंच."

नवा कारागीर चहाचं निमित्त काढून बाहेर गेला. समंजस माणूस असावा.

धाकट्यानं मग मनातलं सगळं काढलं. त्यात खोटं काही नव्हतं. उलट्या मशीनवर दुसरा कोणी उभा राहत नाही. तयार कटर घ्यायचे तर ते नुसते पालथे करून चालत नाहीत, प्रत्येक वेळी घासून घ्यावे लागतात. खांदा पुन्हा गेला तर पुन्हा कापड. "आता हाताचा प्रश्नच राहिला नाही दादा. चाकं ढकलतात. मग मशीन सरळ करायला हरकत काय होती?"

"हाताचा प्रश्न राहिला नाही, तर मग उलटं असतं तरी काय बिघडलं असतं? तोही शिकला असता," मिस्त्री बाहेर बोट दाखवून म्हणाले.

"तो म्हणाला, सरळ असेल तरच येतो."

"म्हणजे माणूस आधी ठरला. मग भोकं."

धाकट्यानं मशीनवरचा भुसा फडक्यानं पुसायला घेतला.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

मिस्त्रींनी काडेपेटी परत देऊन टाकली. पुढे मला म्हणाले, "गुरुजी, खरं सांगतो, मलाही माहीत नाही. कदाचित भांडलो असतो. कदाचित रात्रभर तळमळून सकाळी स्वतःच त्या कोपऱ्यात टोचणी टेकवली असती. पण ते कळायची वेळच त्यानं मला दिली नाही."

त्यांनी पिशवी उचलली, आणि दाराशी जाऊन थांबले. तोपर्यंत त्यांच्या मनात न आलेली गोष्ट तिथे आली. "ताईला हे माहीत होतं?"

धाकटा बहिणीला ताई म्हणे, त्यामुळे त्याच्याशी बोलताना मिस्त्रीही तसंच म्हणत. धाकट्याला खोटं बोलता आलं असतं, पण तो बोलला नाही. "मीच तिला फोन करायला सांगितला. दादाला थोडे दिवस ठेवून घे म्हणालो."

तेव्हा मात्र मिस्त्री बसले. तिथल्याच एका अर्धवट जोडलेल्या स्टुलावर.

"दादा, तू आता हातानं रेटणं सोड ना. इथे खुर्ची टाकतो तुला. नुसती देखरेख कर."

"लाकडावर चाकांची देखरेख आहे," मिस्त्री म्हणाले. "माझ्यावर तुम्ही दोघांनी ठेवलीच होती. आता मी आणखी कोणावर ठेवू?"

त्यानंतर ते कारखान्यात गेले नाहीत. वाटणी मागितली नाही, लोकांत चार शब्द वाकडे बोलले नाहीत. वहिनींनी मात्र घरात बरंच ऐकवलं. "मी तेव्हाच म्हणाले होते," हे वाक्य त्यांनी पहिल्या दिवशी म्हटलं आणि नवऱ्याचा चेहरा पाहून पुन्हा कधी म्हटलं नाही. फर्म्यांचा गठ्ठा धाकट्यानं हातगाडीवरून घरी पाठवला. तो जिन्याखाली आहे.

काही दिवसांनी जाड्या फिटर घरी आला. त्याच्या कारखान्याच्या ओळखीतून इतर ठिकाणी फीडर बसवायची कामं येत होती आणि त्याला स्वतःला वेळ नव्हता. "तुम्ही जा ना मिस्त्री. तुमच्याइतकी हौस कोणाला आहे?" मिस्त्री आधी नाही म्हणाले. मग गेले. आता तेच त्यांचं काम आहे. ड्रिल, आटे पाडायचा टॅप, टोचणी आणि तेलाची डबी घेऊन ते वेगवेगळ्या कारखान्यांत जातात आणि सरळ मशीनवर सरळ फीडर बसवून देतात.

एक गोष्ट ते आधी करतात. बैठक टेबलावर ठेवायच्या आधी विचारतात, "इथे उभं कोण राहतं? त्याला बोलवा." तो माणूस आला की त्याला मशीनसमोर उभं करतात, हात कसा जातो ते बघतात, आणि खुणा करायची टोचणी त्याच्या हातात देतात. मालक लोक वैतागतात. एका मालकानं सांगितलं, तो माणूस रजेवर आहे, तुम्ही पाडून टाका भोकं.

"रजेवर आहे की पाठवलाय?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणजे काय?"

"काही नाही. तो आला की कळवा." हत्यारं पिशवीत भरून ते परत आले. त्या मालकानं दुसऱ्याकडून काम करून घेतलं. मिस्त्रींची एका दिवसाची मजुरी बुडाली आणि वहिनींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

धाकट्याशी ते बोलतात. रस्त्यात भेटला तर खांदा कसा आहे एवढं तो विचारतो, बरा आहे एवढं ते सांगतात. कारखाना उत्तम चाललाय. ते खोटं नाही, आणि मिस्त्री ते कबूल करतात. भावाचं वागणं त्यांना समजून घेता येतं, कारण त्यामागचं कारण त्यांना कळतं. जमत नाही ते बहिणीचं.

ती एकदा आली होती. मी तेव्हा तिथेच बसलो होतो, उठू लागलो तर मिस्त्रींनीच बसा म्हटलं. ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "दादा, त्यानं मला सांगितलं की मशीनचं काम काढलंय, दादा असला की अडवेल. एवढंच. फर्मे उतरवणार, माणूस आणणार, हे मला माहीत नव्हतं."

"बरं."

"आणि टेबलापर्यंतच मी त्याचं ऐकलं. टेबल झाल्यावर त्याचा फोन आला, काम झालं, आता दादाला पाठव म्हणून. पुढचे दिवस मी माझ्या मनानं ठेवलं तुला. पलंग, कपाट, ते सगळं माझं होतं. तू आलास तर बरं वाटत होतं मला."

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मुलांचे चेहरे वाचत माझी इतकी वर्षं गेली. ती खरं बोलत होती असं मला वाटलं. पण वाटणं माझं. त्या घरात ते राहिले होते, मी नव्हतो.

"चहा घेऊन जा," ते म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी कपबशा आत नेऊन ठेवल्या. मग म्हणाले, "ती डाव्या हातानं जेवायची, अंगावर सांडायची, ते तिनं सांगितलं ना, ते टेबल दुरुस्त करत होतो तेव्हा, त्याच्या फोनच्या आधी सांगितलं, की नंतर पलंगाच्या वेळी, तेच मी आठवतोय."

"आठवलं का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तेव्हा लक्ष ठेवावं असं काही वाटलंच नव्हतं."

ती अजून अधूनमधून फोन करते. म्हणते, काही बिघडलेलं नाही, नुसताच ये. ते येतो म्हणतात. अजून गेलेले नाहीत.